गाडीत प्लेअर जोडायचा आणि आवाज खरंच सुधारायचा: आधी काय, नंतर काय

गाडीचा आवाज सुधारायचा म्हटलं की बहुतेकांचं लक्ष आधी डिक्कीतल्या सबवूफरकडे, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरकडे जातं. मीही पहिल्या गाडीत तेच केलं, मोठा वूफर आणि अँप (आवाजाची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) बसवला, पण गाणी मात्र फोनचं गाणं गाडीच्या रेडिओवर सोडणाऱ्या एफएम ट्रान्समीटरवरूनच वाजवत होतो, त्यामुळे खरखर होती तशीच राहिली आणि गाणाऱ्याचा आवाज दबलेलाच राहिला. नंतर तीन गाड्यांमध्ये हे काम स्वतःच्या हाताने केल्यावर क्रम पक्का झाला. आधी प्लेअर ते डेक ही जोडणी, मग पुढच्या दोन दारांचा पत्रा आणि स्पीकर, मग अँप, आणि जास्तीचा बेस सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्याला फरक ऐकू येतो, आणि बऱ्याच जणांना दुसऱ्या टप्प्यानंतर पुढे जावंसंच वाटत नाही कारण तेवढ्यातच गाडी छान वाजायला लागते.

प्लेअर म्हणजे इथे फोन, जुना आयपॉड, छोटा एमपीथ्री प्लेअर, पेनड्राइव्ह, काहीही धरा. डेक म्हणजे डॅशबोर्डमधला मुख्य स्टिरिओ.

पहिलं काम: डेकला काय काय जोडता येतं ते शोधा

डेकच्या पुढच्या बाजूला ऑक्सचं भोक (हेडफोनसारखी वायर घालायचं) किंवा यूएसबी दिसत नसेल तरी लगेच हार मानू नका. कित्येक डेकना ऑक्स इनपुट मागच्या बाजूला असतो, कधी लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या रूपात, कधी कंपनीच्या खास कपलरमध्ये, आणि गाडी विकताना तिथे वायर लावलेलीच नसते. डेकचा मॉडेल नंबर बघून मॅन्युअलमध्ये मागच्या बाजूचं चित्र शोधा. ज्या जुन्या डेकना डिक्कीतला सीडी चेंजर लावायची सोय होती त्यांच्यासाठी तर छोटे अडॅप्टर डबे मिळतात, ते डेकला सांगतात की मी सीडी चेंजर आहे आणि त्याच वाटेने फोनचं गाणं आत सोडतात. गाडीचा मूळ डेक बदलायचा नसेल तर ही सगळ्यात स्वच्छ वाट आहे.

आता जोडणीचे प्रकार, चांगल्यापासून वाईटाकडे.

यूएसबी सगळ्यात वर, कारण गाणं डिजिटल रूपातच डेकपर्यंत जातं, प्लेअरचं हेडफोन सर्किट मध्ये येत नाही आणि चार्जिंगही त्याच वायरवरून होतं. पेनड्राइव्ह वाचत नाही अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा फॉरमॅटची भानगड असते. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह विंडोज सहसा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करतं आणि जुन्या डेकना फक्त फॅट३२ कळतं, म्हणून ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२ करून टाका. फोल्डर नीट लावून ठेवा, एकाच फोल्डरमध्ये हजार गाणी कोंबली की जुना डेक शोधता शोधता थकतो.

मग ३.५ मिमीची ऑक्स वायर. साधी, स्वस्त, आणि आवाज उत्तम. हिच्यात एक चूक जवळपास सगळे करतात, ती म्हणजे फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवून डेकचा खूप वाढवायचा. असं केलं की डेक सिग्नलबरोबर त्यातली खरखरही मोठी करतो. उलट करा, प्लेअरचा आवाज ८० ते ९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त फक्त डेकवरून करा. अगदी १०० टक्के नको, कारण काही प्लेअरचं हेडफोन आउटपुट शेवटच्या टोकाला फाटतं. जुना ३० पिनवाला आयपॉड असेल तर त्याच्या खालच्या डॉक कनेक्टरमध्ये वेगळं लाइन-आउट असतं, ते आवाजाच्या बटणावर अवलंबून नसतं आणि हेडफोनच्या भोकापेक्षा स्वच्छ असतं, त्याची वायर मिळाली तर तीच घ्या. नव्या फोनला ३.५चं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॅक डोंगल (डिजिटल गाणं ऑक्सच्या वायरीला चालेल असं करणारा) लागेल.

ब्लूटूथ तिसरं. याच्यावर पुष्कळ वाद घालतात लोक, पण माझं मत असं की चालत्या गाडीत, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज चालू असताना, ब्लूटूथमुळे जे हरवतं ते फारसं कळत नाही. साध्या एसबीसी कोडेकलासुद्धा (ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवायची पद्धत) चांगल्या सेटिंगला ३२८ केबीपीएस मिळतात. डेकला ब्लूटूथ नसेल आणि ऑक्स असेल तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्समध्ये खुपसायचा, झालं काम. इथेही फोनचा आवाज वर, कमी-जास्त डेकवरून.

कॅसेट डेक असेल तर कॅसेट अडॅप्टर, त्यातलं छोटं हेड डेकच्या हेडला चिकटून चुंबकीय सिग्नल देतं. ऐकायला ठीक, ट्रेबल जरा बोथट होतं, पण एफएम ट्रान्समीटरपेक्षा बरंच बरं. कॅसेट सारखी साइड बदलत राहिली तर तो ऑटो-रिव्हर्सचा घोळ, अडॅप्टर बदलून बघा.

एफएम ट्रान्समीटर अगदी शेवटी. एफएममध्ये मुळातच १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही, त्यात आजूबाजूची स्टेशनं घुसतात आणि लांबच्या प्रवासात मोकळी जागा सारखी शोधावी लागते. दुसरा काही मार्गच नसेल तर वायरवालं एफएम मॉड्युलेटर बघा, ते अँटेनाची वायर आणि डेक यांच्या मध्ये बसतं, सिग्नल हवेतून जात नाही म्हणून फरक लगेच कळतो.

आणि हो, गाण्याची फाइलच १२८ केबीपीएसची जुनी एमपीथ्री असेल तर पुढचं काहीच पूर्ण फळ देणार नाही. २५६ किंवा ३२० केबीपीएस घ्या, जागा असेल तर फ्लॅक, म्हणजे गाण्यातलं काहीच न गमावणारी फाइल. चांगले स्पीकर लावले की वाईट फाइलचे झांजांचे आवाज पाण्यात बुडाल्यासारखे ऐकू यायला लागतात, ते आधी कधी लक्षातच आलेलं नसतं.

डेक बदलायचा असेल तर

आधी माप. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिमीचं तोंड, डबल डिन १८० बाय १००. ज्या गाड्यांमध्ये एसीचे कंट्रोल, गाडीची सेटिंग, सगळं एकाच स्क्रीनमध्ये गुंफलंय तिथे मूळ डेकला हात लावू नका, त्यांच्यासाठी डेक तसाच ठेवून पुढे डीएसपी अँप (आवाज आतच जुळवून घेता येणारा अँप) जोडायचा मार्ग चांगला.

काम सुरू करण्याआधी किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मूळ डेकला चोरीविरोधी कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा, नाहीतर वीज परत आली की डेक कुलूप लावून बसेल. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळं आवरण घातलेल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असू शकतात, तिकडे हात नाही, मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही.

गाडीच्या मूळ वायरिंगला कापू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्या गाडीच्या कपलरचं हार्नेस अडॅप्टर घ्या, त्याची एक बाजू गाडीत बसते आणि दुसऱ्या बाजूच्या सुट्या वायरी नव्या डेकच्या वायरींना टेबलावर बसून आरामात जोडता येतात. जोड देताना नुसतं पिळून चिकटपट्टी लावलेला जोड उन्हाळ्यात सुटतो, म्हणून क्रिम्प करा किंवा सोल्डर करून वरून हीट श्रिंक नळी घाला.

बाजारातल्या बहुतेक डेकचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर कायम १२ व्होल्ट, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू, आठवणीसाठी. लाल किल्लीबरोबर चालू होणारी. काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची. निळी पॉवर अँटेनाला, निळी-पांढरी अँपला चालू हो म्हणून सांगणारी. स्पीकरच्या जोड्यांमध्ये पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळी रेघ असलेली ती त्या जोडीची निगेटिव्ह. तरीही रंगावर आंधळा विश्वास नको, मल्टिमीटरने तपासा. किल्ली बंद केली की प्रत्येक वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील तर पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालीय, काही गाड्यांमध्ये मूळ कपलरवरच या दोन जागा उलट्या असतात. दोन्ही कायमच्या १२ व्होल्टला जोडल्या तर डेक रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी बसलेली.

अजून एक महत्त्वाचं. स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी कधीही अर्थला किंवा एकमेकींना जोडायच्या नाहीत. आजच्या डेकचं आउटपुट दोन्ही वायरींवर सिग्नल देतं, एक जरी बॉडीला टेकली तरी आतली आयसी जळू शकते.

सगळं आत ढकलून पॅनल बसवण्याआधी चालवून बघा. चारही स्पीकर एकेक करून, रेडिओ, यूएसबी, ब्लूटूथ, आणि हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद होते का ते पण.

डब्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं ते क्षणभराचं आहे, त्यावरून हिशोब करू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला गणितानेच स्वच्छ २६ वॅटच्या वर देता येत नाही आणि प्रत्यक्षात १५ ते २० वॅट आरएमएस (म्हणजे सलग टिकणारे वॅट) मिळतात. ते कमी नाही, चांगल्या स्पीकरला तेवढ्यात भरपूर आवाज येतो, फक्त स्पीकर निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवायची.

पुढची दोन दारं, खरं काम इथे आहे

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लोक इथे वेळ घालवतात. स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) पुढे जातो तेव्हा जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागे खेचतो. मागची लाट दारातल्या मोठ्या भोकांमधून बाहेर आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते, आणि बेसमध्ये हे जास्त होतं. म्हणजे दाराचा पत्रा हाच स्पीकरचा डबा आहे आणि तो डबा कारखान्यातून भोकं पडलेला येतो, त्यात पत्रा पातळ म्हणून तो स्वतःही थरथरतो. याच दारात महागडा स्पीकर लावला तरी तो अर्धाच वाजतो.

दाराचं पॅनल काढताना हँडलच्या आतला, आर्मरेस्टखालचा आणि कोपऱ्यातला असे लपलेले स्क्रू आधी काढा, मग प्लास्टिकच्या पट्टीने खालून सुरुवात करून क्लिपा एकेक सोडा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने रंग जातो. चार-पाच जास्तीच्या क्लिपा आणून ठेवा, एकदोन तुटतातच. काचेच्या बटणांचे कपलर ओढू नका, खटका दाबून सोडा.

आत प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला दिसेल. तो पाण्यासाठी आहे, पाऊस काचेवरून दारात उतरतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जातो. ती खालची भोकं काहीही झालं तरी बुजवायची नाहीत, नाहीतर दार आतून गंजेल. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, हात पोचेल तिथे, बुटाइलची फॉइलवाली डॅम्पिंग शीट लावा. पत्रा आधी स्पिरिटने पुसून कोरडा करा, थंडी असेल तर हेअर ड्रायरने शीट गरम करा, आणि रोलरने इतकं दाबा की शीटवरची नक्षी सपाट होईल. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, मधला सपाट भाग आणि स्पीकरच्या मागची जागा मिळून साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर खूप कमी होते, बोटाने टकटक करून बघा, टणटण जाऊन ठकठक यायला हवं. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची, तिथे नुसती शीट ताणून लावली तर तीच पडद्यासारखी हलते म्हणून खाली पातळ अॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा कडक तुकडा द्या. काचेची मशिनरी, लॉकच्या सळया यांना काही अडत नाही ना ते काच चार वेळा वर-खाली करून बघा. एका दाराला मला पहिल्यांदा जवळजवळ अख्खा दिवस लागला होता, दुसऱ्याला त्याच्या निम्मा.

आता स्पीकर. दारात बहुतेक वेळा ६.५ इंच नाहीतर ५.२५ इंच बसतो, पण व्यासापेक्षा खोली जास्त नडते, काच पूर्ण खाली आल्यावर स्पीकरच्या चुंबकाला घासत नाही ना हे मोजूनच खरेदी करा. कोअॅक्शियल म्हणजे ट्विटर (बारीक, उंच आवाज वाजवणारा छोटा स्पीकर) वूफरच्या मधोमध बसलेला, बसवायला सोपा. कंपोनंट म्हणजे ट्विटर वेगळा, तो आरशाच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डजवळ बसवता येतो आणि गाणारा पायापाशी नाही तर समोर उभा आहे असं वाटतं. पुढच्या दारांना कंपोनंट, मागे कंपनीचे राहू द्या, असं माझं ठाम मत आहे.

डेकवरच चालवायचे असतील तर वॅटचे मोठे आकडे सोडा आणि सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवर, म्हणून ९१ डेसिबलचा स्पीकर १५ वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८८ डेसिबलवाल्याला ३० वॅट लागतात. काही गाड्यांमधल्या मूळ महागड्या सिस्टीमचे स्पीकर २ ओहमचे असतात आणि त्यांचा वेगळा अँप असतो, तिथे आधी ओहम मोजून मगच निवडा.

स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये रिंग लागते. एमडीएफची केली तर दोन-तीन हात वॉर्निश किंवा रंग द्या कारण ओल लागली की ती फुगते, कडक प्लास्टिकची मिळाली तर उत्तम. रिंगखाली फोमची पट्टी, आणि स्पीकरच्या पुढच्या कडेलाही जाड फोमची रिंग लावा म्हणजे आवाज पॅनलच्या जाळीतून बाहेर येतो, पॅनलच्या पोकळीत हरवत नाही. ही छोटीशी फोमची रिंग कृपया विसरू नका.

पॅनल लावण्याआधी पोलॅरिटी. स्पीकरच्या वायरींना १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर उडी मारायला हवा. एका दारात उलटं झालं तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खातात आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. नवे स्पीकर लावून बेस कमी झाला असं कोणी म्हटलं की मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

अँप लावायचा ठरलं तर

चार चॅनलचा, चॅनलला ५० वॅट आरएमएसवाला अँप कोणत्याही छोट्या गाडीला पुरून उरतो. वायरचा हिशोब असा: ४ गुणिले ५० म्हणजे २०० वॅट, एबी क्लासचा अँप निम्मी वीज उष्णतेत घालवतो म्हणून ४०० वॅट, भागिले १३.८ व्होल्ट, साधारण २९ अँपिअर. डी क्लासला १८-२० अँपिअरमध्ये भागतं. यासाठी ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते पण तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते, विकत घेताना टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. तो अँपसाठी नाही, वायरसाठी आहे. वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर अख्ख्या बॅटरीचा करंट त्यातून जाईल आणि गाडी पेटेल, म्हणूनच बॉनेटमधून आत येताना भोकात रबरी ग्रोमेटही हवा. फ्यूज सगळं काम संपल्यावर शेवटी घाला. अर्थ वायर तेवढ्याच जाडीची, आखूड, आणि बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घट्ट, सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नका. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. मूळ डेक ठेवला असेल आणि आरसीए नसेल तर स्पीकरच्या वायरीच घेणारा हाय-लेव्हल इनपुट अँपला आहे का बघा, नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर, तो स्पीकरच्या वायरीतला सिग्नल आरसीएसाठी बदलून देतो.

अँपवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. डेकच्या सिग्नलला अँपशी जुळवायची ती जागा आहे. स्पीकरच्या वायरी काढून ठेवा, डेकचे बेस-ट्रेबल शून्यावर, आवाज तीन चतुर्थांश, १००० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टेस्ट टोन लावा आणि अँपच्या आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. ५० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचं वर्गमूळ १४.१, म्हणून गेन हळूहळू वाढवत १४ व्होल्टला थांबा. मग दारांना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावा, म्हणजे त्याखालचा बेस दारांकडे जात नाही. सबवूफर नसेल तर ६०. पुढे सबवूफर घेतलात तर त्याला ८० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचं सगळं अडवणारा), आणि त्याचा गेन ५० हर्ट्झच्या टोनवर.

घुं घुं, शिट्टी आणि शेवटची जुळवाजुळव

अॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी शिट्टी ऐकू येते ना, ती अल्टरनेटरची. फोन चार्जिंगला आणि ऑक्सलाही लावला असेल तर चार्जर काढून बघा, शिट्टी गेली तर अर्थचा लूप आहे, म्हणजे प्लेअर दोन वाटांनी अर्थला जोडला गेलाय. चांगला चार्जर घ्या किंवा ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, फक्त अगदी स्वस्तातला आयसोलेटर बेस थोडा पातळ करतो. अँप असेल तर आधी त्याचा अर्थ बोल्ट तपासा, दहातले बहुतेक आवाज तिथेच संपतात.

फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचा आवाज वाटणारी सेटिंग) पुढे न्या, मागचे स्पीकर नुसती साथ द्यायला हवेत. इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा जे टोचतंय ते कमी करा. डेकला टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरचा आवाज एकाच वेळी कानात यावा म्हणून उशीर द्यायची सोय) असेल तर टेप घेऊन स्वतःच्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, जवळचा स्पीकर ९० आणि लांबचा १४० सेंटिमीटरवर असेल तर जवळच्याला दीड मिलिसेकंद उशीर द्यायचा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गाणारी बाई दारातून उठून बरोबर समोरच्या काचेपाशी आली, मी गाडी बाजूला घेऊन तीन गाणी ऐकत बसलो होतो.

आवाज एवढा ठेवा की मागचा हॉर्न आणि अँब्युलन्स ऐकू येईल, आणि प्लेलिस्ट निघण्याआधी लावून फोन स्टँडवर ठेवा. प्लेअर उन्हात डॅशबोर्डवर सोडू नका, लिथियम बॅटरी फुगते. अँप बसवला असेल तर तासभर चालवून फ्यूज होल्डरला हात लावून बघा, तो चटका बसण्याइतका गरम असेल तर जोड ढिला आहे, आणि दोन आठवड्यांनी अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा पान्याने आवळा, पहिल्या काही दिवसांच्या धक्क्यांत तो थोडा सैल होतोच.